आपली टीम कुठली?

रविवारी, ६ एप्रिलला दुपारी तीन वाजता टॅम्पामध्ये फायनल सुरू झाली, तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून गेली होती. आई अर्थातच झोपली होती. सकाळी उठल्या उठल्या तिचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दहा. रामनवमीचा सुंठवडा, वरच्या मजल्यावरच्यांच्या मुलीचं लग्न, पाणी कमी दाबाने येतंय, हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "काय गं, जिंकली का आपली?"

जिंकली. कनेक्टिकट विद्यापीठाच्या, म्हणजे इथल्या बोलीत 'यूकॉन'च्या मुलींनी साउथ कॅरोलायनाला ८२-५९ असं हरवलं. त्यांचं हे बारावं विजेतेपद, पण २०१६ नंतरचं पहिलंच. आईला यातलं फारसं काही ठाऊक नाही. आम्ही कनेक्टिकटला राहतो, म्हणून ती टीम आपली, एवढा तिचा सरळ हिशोब. गेल्या वर्षी याच सुमाराला तिने हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा मात्र आमच्या घरात एकाच वेळी दोन उत्तरं होती आणि दोघी मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हतो. त्यावर येतेच.

आधी भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात. मार्च महिन्यात इथे कॉलेजांची बास्केटबॉल टूर्नामेंट असते, मुलांची वेगळी आणि मुलींची वेगळी. प्रत्येकी ६८ टीम. हरलात की सामान आवरून घरी. सहा मॅच सलग जिंकेल तो विजेता. कोण कुणाला हरवणार याचा तक्ता लोक आधीच भरून ठेवतात, त्याला ब्रॅकेट म्हणायचं. ऑफिसात मॅनेजरपासून सिक्युरिटीवाल्यापर्यंत सगळे भरतात आणि पहिल्या दोन दिवसांत बहुतेकांचा तक्ता फाटतो. कॉलेजच्या नावाने घसा फोडणं मला नवीन नव्हतं. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात 'अरे आव्वाज कुणाचा' म्हणून आम्हीही छप्पर उडवलेलं आहे. पण तिथे ओरडणारे त्या त्या कॉलेजचेच असायचे. इथे कॉलेजची पायरी कधी न चढलेला प्लंबर, नर्स, निवृत्त पोस्टमन हे सगळे त्या कॉलेजचे असतात. वीस वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मला याचं फार नवल वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. फायनल झाल्यावर दोन दिवसांत प्रेक्षकांचा आकडा आला: ८५ लाख. गेल्या वर्षी हाच आकडा १ कोटी ८९ लाख होता. म्हणजे निम्म्याहूनही खाली. लगेच 'बघा, फुगा फुटला' असं म्हणणारे पुढे सरसावले. माझ्या ऑफिसातल्या एका मराठी सहकाऱ्यानेही चहाच्या मगावरून ऐकवलं, "तुमच्या मुलींच्या खेळाचं सगळं त्या एका क्लार्कमुळे होतं हो. ती गेली, संपलं."

त्याचं अर्धं बरोबर आहे. गेल्या वर्षीचं वेड केटलिन क्लार्कमुळेच होतं. आयोवा विद्यापीठाची ही मुलगी अर्ध्या कोर्टाच्या जवळपासून सहज बास्केट टाकायची. कॉलेजच्या चार वर्षांत तिने ३,९५१ गुण केले आणि पीट मॅरॅविच या पुरुष खेळाडूचा कित्येक दशकांचा विक्रम मागे टाकला. २०२३ च्या ऑक्टोबरात आयोवाने एक प्रदर्शनी सामना चक्क फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ठेवला, तर ५५,६४६ माणसं आली. २०२४ ची फायनल तिच्या आयोवाने हरली तरी १ कोटी ८९ लाख लोकांनी ती पाहिली. त्या वर्षी पुरुषांची फायनल पाहिली १ कोटी ४८ लाखांनी. मुलींनी मुलांना मागे टाकण्याची ही पहिलीच वेळ. यंदा पुरुषांची फायनल पुन्हा १ कोटी ८१ लाखांवर गेली आणि मुलींची ८५ लाखांवर आली. इथवर सहकाऱ्याचा विजय.

पण शेजारी जरा मागची वर्षं ठेवून बघा. २०२१ ची मुलींची फायनल साधारण ४१ लाख लोकांनी पाहिली होती. २०२२ ची ४८ लाख ५० हजारांनी. २०२३ मध्ये ती पहिल्यांदा केबलवरून उचलून एबीसीवर, म्हणजे अँटेना लावला तरी फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर दाखवली आणि आकडा ९९ लाखांवर गेला. मग क्लार्कचं शेवटचं वर्ष, आणि मग आत्ताचे ८५ लाख. गेल्या वर्षीचा डोंगर बाजूला ठेवला, तर तीनच वर्षांत आकडा पावणेदोन पटीच्या आसपास गेलाय. तेही मॅच एकतर्फी झालेली असताना. चौथ्या क्वार्टरला आमच्याच घरात नवरा लॉनचं मशीन बाहेर काढायला निघून गेला होता, यावरून काय ते समजा.

मला तर यंदाचा ८५ लाखांचा आकडा जास्त भरवशाचा वाटतो. मांडवात वराती किती नाचले हे वेगळं, आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासायला किती राहिले हे वेगळं. आयोवाचंच बघा. क्लार्क गेल्यावरही त्यांची पुढच्या सीझनची तिकिटं सीझन सुरू व्हायच्या आधीच संपली होती. यंदा त्यांना दुसऱ्याच फेरीत ओक्लाहोमाने चांगलं धुतलं, पण खुर्च्या भरलेल्या राहिल्या. साउथ कॅरोलायनात डॉन स्टेली कोच म्हणून आल्या तेव्हा हॉल रिकामा असायचा. आता गेली दहा वर्षं मुलींच्या मॅचला देशात सगळ्यात जास्त गर्दी त्यांच्याकडे होते, एका मॅचला सोळा हजारांच्या आसपास. ही गर्दी एका खेळाडूची नाही. तिथे दर चार वर्षांनी सगळ्या खेळाडू बदलतात, माणसं तीच येतात.

हे कसं घडतं ते आमच्या कनेक्टिकटमध्ये राहून मला हळूहळू कळलं. हे राज्य न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या मध्ये चेंगरलेलं. हॉकीची एक मोठी टीम होती, ती १९९७ मध्ये राज्य सोडून गेली. एनबीए नाही, बेसबॉलची मोठी टीम नाही. आहे काय, तर स्टॉर्स नावाच्या गावात, गायीगुरांच्या कुरणांमध्ये उभं असलेलं एक सरकारी विद्यापीठ. तिथे १९८५ मध्ये जीनो ऑरिएमा नावाचा इटलीत जन्मलेला, फिलाडेल्फियाजवळ वाढलेला तरुण कोच मुलींच्या टीमला शिकवायला आला. आज त्याने सत्तरी ओलांडली आहे आणि तो अजून तिथेच आहे. १९९५ मध्ये त्याच्या टीमने एकही मॅच न हरता, ३५-० अशी पहिली टूर्नामेंट जिंकली.

आमच्या शेजारी एक बाई राहतात, ऐंशी पार केलेल्या, निवृत्त शाळाशिक्षिका. त्यांच्याकडून मला कळलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुलींच्या मॅच तेव्हा कुठलंच मोठं चॅनेल दाखवत नव्हतं. १९९४ पासून पुढे २०१२ पर्यंत त्या दाखवल्या कनेक्टिकटच्या सार्वजनिक टीव्हीने, म्हणजे आपल्या दूरदर्शनसारख्या, मुलांचे आणि माहितीचे कार्यक्रम करणाऱ्या चॅनेलने. मध्येच वर्गणीचं आवाहन व्हायचं. ते चॅनेल बघणारे म्हणजे आज्या, शिक्षिका, ग्रंथपाल. थंडीत संध्याकाळी पाचला अंधार पडायचा, बाहेर बर्फ, आणि टीव्हीवर आठवड्यातून दोनदा याच मुली. बाईंना प्रत्येकीचं गाव, आजारपण, परीक्षेतले मार्क पाठ व्हायचे. "नातवंडं लांब होती, या मुली जवळ होत्या," असं त्या म्हणतात. त्या आणि त्यांची बहीण गेली पंचवीस-सव्वीस वर्षं सीझन तिकीट काढतात. पहिली बास्केट पडेपर्यंत उभं राहून टाळ्या वाजवायच्या हा इथला रिवाज. गुडघेदुखी असली तरी दोघी बहिणी उभ्या राहतात.

आता घरातल्या भांडणाकडे येते. गेल्या वर्षी, ५ एप्रिलला रात्री सेमीफायनल होती: यूकॉन विरुद्ध आयोवा. मी आणि नवरा यूकॉनकडून. लेक तेव्हा नववीत. ती अंगात क्लार्कचा २२ नंबरचा टीशर्ट घालून, सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला. मला हे सहनच होईना. इथे जन्मलीस, इथल्या शाळेत जातेस, शेजारच्या आजींनी तुला बास्केट टाकायला शिकवलं, आणि तू आयोवाची? आयोवा नकाशावर दाखव बघू! ती म्हणाली, "आई, मी आयोवाची नाहीये. मी केटलिनची आहे." मॅच शेवटच्या चार सेकंदांपर्यंत गेली. यूकॉन एका गुणाने मागे, चेंडू त्यांच्याकडे, आणि पंचांनी आमच्या आलिया एडवर्ड्सवर फाउल दिला. ७१-६९, संपलं. तो फाउल होता की नाही यावर या राज्यात आजही लोक जेवण सोडून वाद घालतात. लेक नाचली, मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच सिंक घासत बसले. सकाळी आईने पुण्याहून विचारलं तेव्हा दोघींनी दोन उत्तरं दिली. ती सेमीफायनल १ कोटी ४२ लाख लोकांनी पाहिली. अशी भांडणं बऱ्याच घरांत झाली असणार.

तिच्या पिढीचं हे असं आहे, आणि ते समजून घ्यायला मला वर्ष लागलं. ही मुलं मॅच टीव्हीवर कमी आणि फोनवर तुकड्यातुकड्यांनी जास्त बघतात. त्यांना टीम दिसत नाही, माणूस दिसतो. त्या माणसाचे बूट, केस, मैत्रिणी, त्याचं रडणं. त्यात वाईट काही नाही, मीही सचिन आउट झाला की टीव्ही बंद करणाऱ्यांपैकीच होते. पण माणसाच्या मागे लागलं की दुसरा माणूस शत्रू होतो, आणि इथे अमेरिकेत त्या शत्रुत्वाला पटकन रंग चढतो. २०२३ च्या फायनलमध्ये एलएसयूच्या एंजल रीसने क्लार्ककडे बघून तोंडासमोर हात हलवून डिवचलं. क्लार्कने आधीच्या एका मॅचमध्ये नेमकं तेच केलं होतं, तेव्हा लोकांना ते गोड वाटलं होतं. रीस काळी, क्लार्क गोरी. रीसला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या सावळ्या रंगाच्या लेकीने तेव्हा मला विचारलं होतं, "आई, मी असं केलं असतं तर लोक मला कुणासारखं म्हणाले असते?" कुणाच्या बाजूने ओरडायचं हा प्रश्न आपल्यासारख्यांच्या घरात इतका साधा राहत नाही.

तिसरी एक जमात आता वाढते आहे: ज्यांची टीमही नाही आणि खेळाडूही नाही, फक्त फोनवर लावलेले पैसे आहेत. आमच्या राज्यात २०२१ पासून ऑनलाइन बेटिंग कायदेशीर झालं. कायद्यात एक मजा आहे. राज्यातल्याच कॉलेजच्या टीमवर एरवी पैसे लावता येत नाहीत, पण टूर्नामेंट असली की लावता येतात. म्हणजे नेमकं जेव्हा मुलींवर सगळ्यात जास्त दडपण असतं तेव्हा. एनसीएएने गेल्या वर्षीच्या टूर्नामेंटमधल्या सोशल मीडियावरच्या पोस्ट तपासून घेतल्या, तर मुलींना मुलांपेक्षा साधारण तिप्पट धमक्या आल्याचं दिसलं. एकोणीस-वीस वर्षांच्या मुली या. एक फ्री थ्रो चुकला म्हणून कुणीतरी परका माणूस त्यांना रात्री मेसेज पाठवतो.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बघू, कारण 'फुगा' म्हणणाऱ्यांनी तो कधी बघितलेला नसतो. २०२१ मध्ये कोविडमुळे मुलींची सगळी टूर्नामेंट सॅन अँटोनियोत झाली, मुलांची इंडियानापोलिसला. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने एक छोटा व्हिडिओ टाकला. मुलांना भलीमोठी व्यायामशाळा, आणि मुलींना डंबेल्सचा एक स्टँड आणि काही योगा मॅट्स. आयोजक आधी जागा कमी पडली असं म्हणाले. तिने कॅमेरा फिरवून रिकामी जागा दाखवली. 'मार्च मॅडनेस' हे नावसुद्धा तोवर मुलींच्या टूर्नामेंटला वापरू दिलं जात नव्हतं. ओरड झाल्यावर एनसीएएने एका लॉ फर्मकडून चौकशी करवली. त्या अहवालात म्हटलं होतं, की मुलींच्या टूर्नामेंटचे प्रक्षेपणाचे हक्क स्वतंत्र विकले तर २०२५ पर्यंत वर्षाला ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलर मिळू शकतील.

पुढे काय झालं? २०२२ पासून नाव मिळालं, ६४ च्या ६८ टीम झाल्या. पण हक्क स्वतंत्र विकले नाहीतच. २०२४ च्या जानेवारीत ईएसपीएनबरोबर आठ वर्षांचा, ९२ कोटी डॉलरचा करार झाला, त्यात मुलींचं बास्केटबॉल इतर ३९ स्पर्धांबरोबर एकाच गाठोड्यात बांधलेलं. त्यातला त्यांचा वाटा वर्षाला साधारण साडेसहा कोटी धरला आहे. पुरुषांच्या टूर्नामेंटचा करार वर्षाला सरासरी ११० कोटींचा. मंडईत आंबा आणि कोथिंबीर एकाच पिशवीत टाकून 'सगळ्याचे द्या पन्नास' म्हणावं, तसा हा व्यवहार. आणि तोही क्लार्कच्या शेवटच्या टूर्नामेंटच्या तीन महिने आधी! मुलींना प्रेक्षक नाहीत म्हणून पैसे नाहीत, असं आम्हाला पन्नास वर्षं सांगितलं गेलं. प्रेक्षक आले तेव्हा भाव आधीच ठरवून झाला होता.

एक गोष्ट मात्र यंदा पहिल्यांदा घडली आणि तिची बातमी फार छोटी आली. मुलांच्या टूर्नामेंटमध्ये मॅच जिंकली की त्या कॉलेजच्या कॉन्फरन्सला पैसे मिळतात. ही पद्धत १९९१ पासून आहे. मुलींना यात आजवर शून्य. विजेतेपद जिंका नाहीतर पहिल्या फेरीत हरा, कॉलेजच्या गल्ल्यात फरक शून्य. मग कॉलेजचा हिशोबनीस मुलींच्या कोचचा पगार, विमानप्रवास, डॉक्टर यावर खर्च का करेल? या जानेवारीत एनसीएएच्या सभेत ठराव झाला, आणि यंदा मुलींसाठी पहिल्यांदा दीड कोटी डॉलर बाजूला ठेवले. २०२७-२८ पर्यंत ते अडीच कोटींवर जाणार आहेत. मुलांच्या मानाने चणे-फुटाणे. पण हॉलमध्ये बसलेल्या आजींच्या टाळीला हिशोबाच्या वहीत पहिल्यांदाच एक रकाना मिळाला, हे मला विजेतेपदाइतकंच मोठं वाटतं.

दुसरा हिशोब तेव्हा अडकलेला होता. फायनलच्या दुसऱ्याच दिवशी, ७ एप्रिलला, कॅलिफोर्नियातल्या कोर्टात एका मोठ्या तडजोडीवर सुनावणी झाली. ती मंजूर झाली तर कॉलेजं पुढच्या वर्षापासून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकणार होती, एका कॉलेजने वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. शिवाय मागच्या खेळाडूंना भरपाई म्हणून २८० कोटी. मोठ्या कॉन्फरन्समधल्या कॉलेजांपुरतं भरपाईचं सूत्र असं: सुमारे ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के मुलांचं बास्केटबॉल, ५ टक्के मुलींचं बास्केटबॉल, उरलेल्यात बाकी सगळे खेळ. पुढचे पैसेही याच प्रमाणात वाटायचे असं बऱ्याच कॉलेजांच्या मनात होतं. शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद करायचा नाही हा कायदा, टायटल नाइन, इथे १९७२ पासून आहे. तो या पैशांना लागू होतो, असं आधीच्या सरकारने जाता जाता जानेवारीत सांगितलं. नव्या सरकारने फेब्रुवारीत ते मागे घेतलं. निकाल तेव्हा अजून यायचा होता.

हे पैसे मुलींना मिळायला हवेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही दर एप्रिलला पोटात गोळा येतो. आता नियम असा, की कुठलीही खेळाडू दर वर्षी कॉलेज बदलू शकते. नावं नोंदवायची एक यादी असते, पोर्टल म्हणतात तिला. दर वसंतात हजाराहून जास्त मुली त्यात नाव घालतात. नोत्र दामची ऑलिव्हिया माइल्स यंदा डब्ल्यूएनबीएच्या ड्राफ्टमध्ये अगदी वरच्या क्रमांकावर जाईल असं सगळे धरून चालले होते. ती ड्राफ्टला गेलीच नाही, टेक्सासमधल्या टीसीयूकडे गेली. तिचा निर्णय तिचा, चार वर्षं एका जागी राहिलंच पाहिजे असं आम्ही कोण सांगणार? मी स्वतः वीस वर्षांत तीन कंपन्या आणि एक देश बदललाय. यंदाच्या यूकॉनमध्येही केटलिन चेन होती, प्रिन्स्टनमध्ये शिकून एका वर्षासाठी आलेली, आणि एका वर्षात ती इथल्या लोकांच्या गळ्यातला ताईत झाली. म्हणजे दत्तक घेतलेलंही आपलं होतं. पण चार वर्षांत मूल वाढताना बघण्याची सवय असलेल्या शेजारच्या बाईंना दर वर्षी नवी नावं पाठ करावी लागली, तर त्या किती वर्षं उभं राहून टाळ्या वाजवतील हे मला सांगता येत नाही. आणि त्या आहेत म्हणून हॉल भरलेला आहे.

यंदाची टूर्नामेंट आम्ही पहिल्यांदाच आत बसून पाहिली. पहिल्या सोळा टीमना पहिल्या दोन फेऱ्या घरच्या मैदानावर मिळतात. बाईंच्या बहिणीला आता जिने चढवत नाहीत, म्हणून तिचं तिकीट लेकीला मिळालं आणि माझं मी वेगळं काढलं. २४ मार्च, सोमवार. गॅम्पेल पॅव्हिलियन, दहा हजार माणसं. पेज बेकर्सची स्टॉर्समधली ती शेवटची मॅच. मिनेसोटातून २०२० मध्ये आलेली ही मुलगी, गुडघ्याचं लिगामेंट फाटून एक अख्खा सीझन बाहेर बसली होती. परत आली, आयोवाकडून तो शेवटच्या क्षणाचा पराभव पाहिला, तेव्हाच प्रो होऊ शकली असती, पण थांबली. त्या रात्री तिने ३४ गुण केले. तिला शेवटी बाहेर बोलावलं तेव्हा बाई रडत होत्या आणि गेल्या वर्षी २२ नंबरचा टीशर्ट घालणारी माझी लेकही रडत होती. मी काही बोलले नाही.

परतताना गाडीत लेकीच्या फोनवर बातमी आली. लॉस एंजेलिसमध्ये यूएससीच्या जूजू वॉटकिन्सचा गुडघा गेला, पहिल्याच क्वार्टरमध्ये. पुढे यूकॉनची गाठ यूएससीशीच पडायची शक्यता होती. माझ्या मनात क्षणभर 'आता आपल्याला सोपं झालं' आलं, खोटं कशाला सांगू. लेक मागच्या सीटवर स्वतःचा गुडघा धरून बसली होती. ती शाळेच्या ज्युनिअर टीममध्ये खेळते. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा बरीच जास्त होते, हे त्यांच्या कोचने पालकांच्या मीटिंगमध्ये सांगितलंय. यूकॉनमध्ये बेकर्स, मग अ‍ॅझी फड, दोघींचं तेच झालेलं. "जूजू नसताना जिंकलो तर ते मोजायचं का?" तिने विचारलं. एका आठवड्याने यूएससीला ७८-६४ हरवलं. मी मोजलं. तिने नाही.

मधल्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा गुढीपाडवा होता. त्याच संध्याकाळी ओक्लाहोमाविरुद्धची मॅच. स्टेजवर मुलांचं लेझीम चालू होतं आणि मागच्या चार रांगांमध्ये नऊवारीतल्या बायका श्रीखंडाच्या वाट्या हातात धरून एका फोनभोवती डोकी घालून उभ्या. बेकर्सचे ४० गुण झाले तेव्हा मागून जी आरोळी उठली, ती आपल्यासाठीच आहे असं समजून लेझीमवाली पोरं अजून जोरात नाचायला लागली. दोन आठवडे आधी याच बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मुंबई इंडियन्सच्या मुलींनी ब्रेबॉर्नवर दिल्लीला आठ धावांनी हरवल्याचे मेसेज धावत होते. त्यातल्या पुणेकर बायकासुद्धा 'आपली मुंबई' म्हणत होत्या, यावरून अंतराची महती कळावी.

१३ एप्रिलला हार्टफर्डमध्ये विजयाची मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट झाला आणि बेकर्स पहिल्या क्रमांकावर डॅलसकडे गेली. पहिल्या वर्षाचा पगार ७८,८३१ डॉलर. आमच्याकडे कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला कधी कधी याहून जास्त मिळतो. जाहिरातींतून ती कितीतरी पट कमावते ते वेगळं. अ‍ॅझी फडने अजून एक वर्ष थांबायचं ठरवलं. फायनलमध्ये २४ गुण आणि १५ रिबाउंड काढणारी सारा स्ट्राँग तर तेव्हा कुठे पहिल्या वर्षाची.

बाईंनी परवा पुढच्या सीझनच्या तिकिटाचा कागद आणून दिला. बहिणीची खुर्ची सोडायची नाही, पण पैसे कुणीतरी वाटून घ्यायला हवेत. लेक म्हणाली, मी येईन. मी कागद फ्रिजला चिकटवून ठेवलाय.

काल आईचा फोन आला. पेपरात छोटी बातमी आली होती म्हणे, फोटोसकट. "ती तुमची उंच मुलगी, केसांचा बुचडा बांधणारी, ती आता कुठे गेली?"

"डॅलसला गेली, आई. टेक्सासमध्ये."

"मग आता आपली डॅलस का?"

लेक म्हणाली, हो. मी म्हणाले, नाही. दोघी एकदमच बोललो, त्यामुळे आईला काहीच ऐकू गेलं नाही.